बालरोग ओपीडीत बालविकास तज्ज्ञ बसवायचा आहे, घडी कशी घालावी? (सोलापूर)

प्रश्न: बालरोग_सातरस्ता
दोन डॉक्टरांचा दवाखाना, लहानसं एनआयसीयू (नवजात बाळांचा अतिदक्षता विभाग). लसीकरणाच्या गर्दीत विकास तपासणी राहूनच जाते, आणि 'पुण्याला दाखवा' म्हटलं की बरेच पालक जातच नाहीत. आठवड्यातून दोन दिवस बालविकास तज्ज्ञ इथेच बसवायचा विचार आहे. नेमावं कोणाला, त्यांच्याकडे कोणती मुलं पाठवावीत, पैशांचं कसं ठेवावं? पूर्व भागातले तेलुगू आणि अक्कलकोटकडचे कन्नड पालक बरेच असतात, तेही धरून सांगा.

विकास_बालरोग
तज्ज्ञाचे वार लसीकरणाचेच ठेवा. 'परवा या' म्हटलं की ते मूल हातचं गेलं. ९ महिने, १८ महिने आणि २ वर्षं या भेटी पक्क्या धरा. त्यातली २ वर्षांची हमखास गळते, कारण तेव्हा पालकांच्या डोक्यात कुठली लस नसते. ती जीवनसत्त्व अ च्या डोसाला जोडून टाका.

क्रम असा: वजन, उंची, डोक्याचा घेर, मग तज्ज्ञ, मग डॉक्टर, सुई सगळ्यात शेवटी. सुई टोचून रडवेलं झालेलं मूल ठोकळ्याला हात लावत नाही आणि उगाच नापास ठरतं.

२ वर्षांपर्यंत त्रिवेंद्रम चार्ट (कोणत्या वयात मुलाला काय जमायला हवं याचा तक्ता) पुरतो. १७ बाबी, पाचेक मिनिटं. मुलाच्या वयावर पेन्सिल उभी धरायची; तिच्या डावीकडची एक जरी बाब जमत नसेल तर पुढची तपासणी. दिवस भरण्याआधी जन्मलेल्या बाळाला मात्र दुरुस्त वय लावा, म्हणजे जितके आठवडे लवकर जन्मलं तितके वयातून वजा. ३२ आठवड्यांचं बाळ ९ महिन्यांचं झालं तरी चार्टवर ते जेमतेम ७ महिन्यांचं. हे विसरलं की एनआयसीयूतून गेलेली निम्मीअधिक मुलं 'मागे' दिसतात.

स्वमग्नतेसाठी १६ ते ३० महिन्यांत एम-चॅट-आर ही पालकांना विचारायची प्रश्नावली, २० प्रश्न. ० ते २ गुण ठीक, ८ किंवा जास्त असतील तर थेट तज्ज्ञाकडे. खरी गफलत ३ ते ७ मध्ये होते: तिथे पाठपुराव्याची मुलाखत घ्यायचीच असते, आणि घाईत नेमकी तीच गाळली जाते. शिवाय २, ५ आणि १२ या प्रश्नांना 'हो' हे धोक्याचं उत्तर आहे. नवी रिसेप्शनिस्ट सगळ्या 'नाही' मोजते आणि बेरीज चुकते.

वाचा_श्रवण
'बालविकास तज्ज्ञ' अशी पाटी कोणीही लावतो, म्हणून नोंदणी बघा. चिकित्सा मानसशास्त्रज्ञ, वाचा-श्रवण तज्ज्ञ, विशेष शिक्षक यांची आरसीआयकडे (भारतीय पुनर्वास परिषद). फिजिओ आणि ऑक्युपेशनल थेरपिस्ट यांची राज्याच्या ओटीपीटी कौन्सिलकडे. मानवविकास विषयात एम.एस्सी. केलेली व्यक्ती तपासणी आणि पालकांचं मार्गदर्शन छान करते. निदान तिच्या सहीने देऊ नका.

'बोलत नाही' म्हणून आलेल्या मुलाचं आधी कान तपासा, थेरपी नंतर. एनआयसीयूतल्या बाळाला नुसती ओएई (आतल्या कानाचा प्रतिसाद बघणारी चाचणी) करून भागत नाही. श्रवणतंतूंचा दोष ओएईत निसटतो, तिथे बेरा (आवाज मेंदूपर्यंत पोचतो का ते बघणारी चाचणी) लागते. महिन्याच्या आत चाचणी, ३ महिन्यांच्या आत निदान, ६ महिन्यांच्या आत उपचार, एवढं भिंतीवर लिहून ठेवा.

पूर्वभाग_समुपदेशक
भाषेचं: मराठी फॉर्म हातात दिला की तेलुगू आई मान डोलावत सगळीकडे 'हो' लिहिते. फॉर्म देऊच नका, विचारा, तेही हो-नाहीत नको. 'बाळाला वरचा डबा हवा असेल तर काय करतो?' यावर ती जे करून दाखवते त्यात बोट दाखवणं आहे की नुसता आईचा हात ओढणं, ते कळतं. दुभाषी म्हणून थोरल्या बहिणीला बसवू नका, दवाखान्यातली तेलुगू येणारी आया बरी.

घरच्या कार्यक्रमाचंही तेच. विड्या वळणाऱ्या आईच्या मांडीवर सूप असतं, ठरलेला माल पोचवायचा असतो. 'रोज तीनदा अर्धा तास खेळा' हे ती ऐकून घेते आणि सोडून देते. अंघोळ घालताना, भरवताना, कपडे चढवताना काय बोलायचं, कधी थांबून बाळाची वाट बघायची, एवढंच द्या. एका भेटीत एकच गोष्ट, आणि ती तिच्याकडून तिथेच करून घ्या.

बालरोग_सातरस्ता
खोली आणि मानधन?

विकास_बालरोग
दहा बाय दहाची खोली, चटई, आरसा, खुळखुळा, एक इंची दहा ठोकळे, कप, चेंडू, चित्रांचं पुस्तक, जाड खडू. चिमटीची पकड बघायला चुरमुऱ्याचा दाणा चालतो, शेंगदाणा अजिबात नको, घशात अडकतो. टीव्ही असेल तर काढा.

मानधन दिवसाचं ठरवा. केसमागे टक्केवारी ठेवली तर ती कमिशनच होते. डॉक्टरांच्या २००२ च्या आचारसंहितेत ते वर्ज्य आहे, शिवाय मग प्रत्येक मूल थेरपीलायक दिसायला लागतं. अमेरिकेत हेल्दीस्टेप्समध्ये (बालरोग दवाखान्यातच बालविकास तज्ज्ञ बसवण्याचा कार्यक्रम) तीन पायऱ्या असतात: तपासणी सगळ्यांची, थोड्या भेटी काहींच्या, सलग सोबत मोजक्यांची. तसंच ठेवा. ज्यांना थेरपीचा खर्च झेपणार नाही त्यांना आरबीएसकेच्या (सरकारचा राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम) डीईआयसीकडे, म्हणजे जिल्ह्याच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे, चिठ्ठी द्या. चिठ्ठीत चार्टवरच्या अडलेल्या बाबी आणि दुरुस्त वय लिहा, नाहीतर तिथे सगळं पहिल्यापासून सुरू होतं. आठवड्याला पंधरा मिनिटं तुम्ही, तज्ज्ञ आणि सिस्टर एकत्र बसा, आणि न आलेल्या मुलांच्या यादीवरून फोन सिस्टरनेच करावेत. अनोळखी नंबर पालक उचलत नाहीत.