सागवानी जिन्यावर घमेल्याचे काळे डाग पडलेत, कसे काढायचे?

माडीवरची:
नमस्कार, आमच्या वाईच्या घरात आजोबांच्या वेळचा सागवानी जिना आहे. माडीवर बाथरूम काढलं, दोन महिने काम चाललं, गवंडी ओल्या मालाची घमेली पायऱ्यांवरच टेकवायचे आणि जिना जपायचा म्हणून मीच गोणपाट अंथरलेलं तेही कायम ओलं. आता उचलून बघते तर चार पायऱ्यांवर गोल काळ्या कडा, खिळे सांडले होते तिथे निळसर-काळे ठिपके, आणि बाकी सगळीकडे पांढरट पट्टे. मिस्त्री म्हणतो मशीन मारून घासून टाका नाहीतर डार्क पॉलिशने झाका. पण पायऱ्या मधोमध झिजून खोलगट झाल्यात, मशीनने त्या सपाट होतील, ते मला अजिबात नकोय.

रंधा:
ताई मशीन नकोच. काळं आहे ते वर बसलेलं नाही, सागातलं टॅनिन (लाकडातलं तुरट द्रव्य) आणि घमेल्याचं लोखंड ओलाव्यात एकत्र आले की लाकूड आतून काळं होतं, त्यामुळे घासून पार जाईल याची खात्री नाही. त्याला औषध ऑक्झॅलिक ॲसिड, केमिकलच्या दुकानात खड्यांसारखं मिळतं. पण त्याआधी पांढरट पट्ट्यांतलं सिमेंट काढा. सिमेंटच्या चुन्यावर ऑक्झॅलिक पडलं की नवीनच पांढरा थर बसतो आणि तो पाण्यात विरघळत नाही. व्हिनेगर पाण्यात पातळ करून प्लास्टिकच्या ब्रशने घासा, साध्या पाण्याने दोनदा पुसा. तारेचा काथ्या बिलकुल वापरू नका, त्याचे कण अडकले की परत काळे ठिपके.

लाखपॉलिश:
+१. पॉलिश कुठलं होतं ते आधी बघा. कोपऱ्यात स्पिरिटचं फडकं दाबून धरा, चिकट झालं तर चपड्याचं, म्हणजे लाखेचं. सिमेंटचं पाणी अल्कली असतं, ते चपडा खातं, आणि नुसत्या ओलाव्यानेही चपडा पांढरा पडतो, तो पांढरेपणा स्पिरिटचा हलका हात फिरवला की बऱ्याचदा जातो. म्हणजे तुमच्याकडे पांढरे डाग दोन प्रकारचे असू शकतात. काळ्या डागावरचं पॉलिश मात्र पूर्ण काढावं लागेल, नाहीतर ॲसिड लाकडापर्यंत पोचणारच नाही.

माडीवरची:
चिकट झालं, चपडाच आहे! ऑक्झॅलिक किती घ्यायचं? आणि फरशीचं ॲसिड घरात आहे ते चालेल का?

रंधा:
फरशीचं नको, ते वेगळं ॲसिड, लाकडाची वाट लागेल. लिटरभर कोमट पाण्यात ५० ग्रॅम ऑक्झॅलिक, स्टीलचं भांडं नको, प्लास्टिकची बादली. डागापुरतं न लावता पायरी पूर्ण, या कडेपासून त्या कडेपर्यंत ओली करा, नाहीतर डागाच्या जागी फिकट गोल दिसेल. अर्धा तास थांबा, गरज पडली तर परत लावा, मग भरपूर पाण्याने दोन-तीनदा पुसून घ्या. विषारी आहे, हातमोजे, चष्मा घाला, मुलं-मांजरं लांब. वाळल्यावर खडे राहिले आणि तसंच पॉलिश पेपर मारलं तर ती धूळ नाकात जाते, फार वाईट, म्हणून मास्कही हवा.

माडीवरची:
सगळ्यात खालच्या पायरीवर करून बघितलं. कडा दुसऱ्या हाताला जवळजवळ गेली, खिळ्यांचे ठिपके अजून पुसट आहेत. खोलगटपणा तसाच आहे, फार बरं वाटलं. लगेच चपडा मारू का?

लाखपॉलिश:
थांबा, पावसाळी हवेत चपडा मारला की परत पांढरा पडेल. लाकूड आतून वाळू द्या, आठ-दहा कोरडे दिवस मिळू देत, मग हाताने १८० नंबरचा पेपर रेषांच्या दिशेने आणि पातळ हात चार-पाच. आणि बाथरूमचा पाइप जिन्याच्या भिंतीतून गेलाय का ते बघा, तिथे ओल असेल तर आधी ती थांबवा.