निकोटिन कमी केलं की पेग वाढतात? कुणी सांगितलं?

उंटावरचा_शहाणा: ‘सिगारेटमधलं निकोटिन काढा, पिणारा ती कसर ग्लासातून भरून काढेल,’ असं काल कुणीतरी ठोकून दिलं आणि सगळ्यांनी माना डोलावल्या. अहो, हे तपासून झालंय! २०१५ साली अमेरिकेतल्या एका चाचणीचे निकाल छापून आले. ८४० जण, सहा आठवडे. ग्रॅमभर तंबाखूत १५.८ मिलिग्रॅम निकोटिनपासून थेट ०.४ पर्यंतच्या सिगारेटी. २.४ आणि त्याखालच्या गटांत रोजच्या सिगारेटी घटल्या. त्याच आकड्यांतून पुढे दारूचा हिशेब काढला, तर पिणं वाढलेलं दिसलं नाही.

कडकलक्ष्मी: सतत बेसुमार पिणाऱ्यांना त्या चाचणीत घेतलंच नव्हतं, हे सोयीस्करपणे गाळलंत. आणि ‘लाइट’ सिगारेटींच्या वेळीही हीच भजनं ऐकली होती. लोक खोल झुरके मारायला लागले, बस.

उंटावरचा_शहाणा: लाइटचा इथे काय संबंध? तिच्यात तंबाखू तीच, फक्त फिल्टरच्या कागदाला बारीक भोकं. निकोटिन मोजणारं मशीन मिनिटाला एकदा ३५ मिलीचा झुरका घेतं, भोकं उघडीच राहतात, पाकिटावर आकडा कमी येतो. माणूस ती ओठांनी, बोटांनी दाबतो. ०.४ वाल्या सिगारेटीत पानातच निकोटिन नावापुरतं. दाबा काय दाबायचं ते!

कडकलक्ष्मी: दाबतात की नाही ते थोटूकच सांगतं. ओठाकडचं टोक बघा: भोकं उघडी असली तर मधे तपकिरी ठिपका आणि भोवती पांढरं कडं. दाबली असली तर डाग कडेपर्यंत पसरतो. पहिल्या पेगनंतरची आणि तिसऱ्यानंतरची थोटकं शेजारी ठेवून बघा म्हणते मी.

बाष्कळ_बडबड: थोटकांचं प्रदर्शन आवरा आता! निकोटिन शून्य केलं तरी डांबर आणि कार्बन मोनॉक्साइड जळत्या पानातून येणारच. वर दारू असली की तोंडाच्या, घशाच्या, अन्ननलिकेच्या कॅन्सरचा धोका बेरजेने नाही, गुणाकाराने वाढतो. पाकिटावर ‘कमी निकोटिन’ छापलं की लोक ‘कमी घातक’ वाचतात, खरी गोम तिथे आहे.

उंटावरचा_शहाणा: ते कुणी नाकारलंय? प्रश्न पिणं वाढतं का, हा होता.

कडकलक्ष्मी: मग त्यावरच बोलू. रोज भरपूर पिणाऱ्याचं यकृत निकोटिन लवकर मोडतं, म्हणजे तलफही लवकर. वर दोन पेग पोटात गेले की चाचणीचं पाकीट बाजूला पडतं आणि शेजाऱ्याकडून नेहमीची मागून घेतली जाते. तोंडाने कबूल करत नाहीत, पण निकोटिन मोडून अंगात जे कोटिनिन बनतं, त्याचं निम्मं व्हायलाच सोळा-एक तास लागतात; लघवीत सापडतंच. ०.४ च्या गटात असे चोरून ओढणारे काही थोडेथोडके नव्हते.

उंटावरचा_शहाणा: बरं बाई, हे मान्य. म्हणूनच तर अमेरिकेच्या एफडीएने (तिथल्या अन्न-औषध प्रशासनाने) जानेवारी २०२५ मध्ये मांडलेला प्रस्ताव एखाद्या ब्रँडपुरता नाही, सगळ्याच सिगारेटींना ०.७ ची मर्यादा घालणारा आहे. शेजाऱ्याच्या पाकिटातही तेच असलं की मागून काय मिळणार?

कडकलक्ष्मी: चोरट्या मार्गाने आलेली. पण तुमचा शेजारी सज्जन दिसतो, असू दे.