शब्दचर्चा : कडकडाट की गडगडाट? 'थंडरस्टॉर्म', 'वीजरोधक' आणि विजेचे इतर शब्द

अनुवादिका
शेतकऱ्यांसाठी विजेपासून बचावाचं एक पत्रक मराठीत आणायचं आहे. तीन ठिकाणी अडलं आहे. (१) 'थंडरस्टॉर्म'ला 'वादळ', 'गडगडाटी वादळ' की 'मेघगर्जनेसह पाऊस'? (२) 'कडकडाट' आणि 'गडगडाट' एकमेकांच्या जागी वापरले तर बिघडतं का? (३) 'लायटनिंग अरेस्टर' म्हणजे 'वीजरोधक' हे बरोबर आहे का?

वेधशाळा
पहिल्याचं आधी. नुसतं 'वादळ' नको. मराठीत वादळ म्हटलं की आधी वारा डोळ्यांपुढे येतो. चक्रीवादळही त्यात आलं आणि धुळीचंही. थंडरस्टॉर्म मात्र ठरतं ते आवाजावरून. निरीक्षण केंद्रावर गडगडाट ऐकू आला तरच त्या दिवसाची नोंद गडगडाटाचा दिवस अशी होते. जागतिक हवामान संघटनेच्या संकेतांत वीज दिसली पण आवाज आला नाही तर १३, आवाज आला पण वेध घेताना पाऊस नाही तर १७, आणि वेधाच्या वेळी पावसासह किंवा गारांसह गडगडाट असेल तर ९५ ते ९९.

'मेघगर्जनेसह पाऊस' हा शब्दप्रयोग हवामानाच्या अंदाजात ठीक आहे, पण १७ क्रमांकाची परिस्थिती त्यात बसत नाही. शेतकऱ्याला खरा धोका तिथेच असतो. एप्रिल-मे महिन्यांत वळवाचा ढग माथ्यावर येतो, वारा सुटतो, पण ढगाखालची हवा कोरडी असल्यामुळे थेंब वाटेतच आटतात. पाऊस नाही म्हणून कामं चालू राहतात. शिवाय पाऊस पडत असलेल्या जागेपासून १० किलोमीटर लांबही वीज पडू शकते. पत्रकात 'गडगडाटी वादळ' लिहा.

शब्दखूण
सहमत. जोडीला एक व्याकरणाची गोष्ट. आपण इलेक्ट्रिसिटी आणि लायटनिंग दोन्हींना 'वीज' म्हणतो. संस्कृत 'विद्युत्', प्राकृत 'विज्जु' अशी ती वाट आहे. पण घरातल्या विजेचं अनेकवचन होत नाही. 'विजा' म्हटलं की त्या आकाशातल्याच. त्यामुळे पत्रकात शक्य तिथे 'विजा', 'विजांचा', 'विजांपासून' ठेवलं की महावितरणच्या विजेशी गोंधळ होणार नाही. बातम्यांत 'विजेच्या धक्क्याने मृत्यू' आणि 'वीज पडून मृत्यू' यांची सरमिसळ होते, ती टाळायलाच हवी. पहिला अपघात तारेचा, दुसरी नैसर्गिक आपत्ती. पंचनामा आणि मदत दोन्हींची वाट वेगळी.

कडकडाट-गडगडाटाबद्दल वेधशाळांनी सांगावं. 'विजांचा कडकडाट, ढगांचा गडगडाट' ही जोडी कानाला सवयीची आहे, पण तिच्यामागे काही निरीक्षण आहे का?

वेधशाळा
आहे, आणि चांगलं पक्कं आहे. विजेच्या वाटेतली हवा काही मायक्रोसेकंदांत सुमारे ३०,००० अंश सेल्सिअसपर्यंत तापते. ती इतक्या झपाट्याने फुगते की आघातलहर निघते, आणि तीच पुढे ध्वनी होते. म्हणजे ढगांचा गडगडाटही विजेचाच असतो.

वीज जवळ पडली तर वाटेच्या सर्वांत जवळच्या तुकड्याचा आवाज आधी आणि एकदम कानावर आदळतो, तो कडकडाट. पण वाट कित्येक किलोमीटर लांब, वाकडीतिकडी आणि फांद्या फुटलेली असते. समजा तिचं जवळचं टोक २ किलोमीटरवर आणि ढगातलं लांबचं टोक ८ किलोमीटरवर आहे. ध्वनीला एका किलोमीटरला सुमारे ३ सेकंद लागतात. पहिला आवाज ६ सेकंदांनी येईल आणि शेवटचा २४ सेकंदांनी. मधले १८ सेकंद जे चालतं तो गडगडाट. लांबच्या प्रवासात चिरके, उंच स्वर हवेत विरून जातात आणि खर्ज उरतो, म्हणून 'ग' आणि 'ड' कानाला पटतात. जवळच्या विजेतही आधी कड्कन आणि मागून गडगड असा क्रम ऐकू येतो.

तिसरा शब्दही हाताशी ठेवा : वीज 'लवते'. रात्री क्षितिजावर उजेड थरथरतो आणि आवाज येत नाही, ते लवणं. वर हवा थंड असल्यामुळे ध्वनी वरच्या बाजूला वळत जातो आणि १५ ते २० किलोमीटरांपलीकडे सहसा जमिनीवर पोहोचत नाही. म्हणजे लवणारी वीज लांबची, गडगडणारी टप्प्यातली, कडाडणारी उशाशी. पत्रकात हे तीन शब्द अंतराच्या क्रमाने वापरता आले तर वाचणाऱ्याला घड्याळ न बघता धोका कळेल.

वीजतंत्री
आता 'वीजरोधक'. हा शब्द दोन अगदी वेगळ्या वस्तूंना चिकटला आहे आणि दोन्हींना चुकीचा आहे.

इमारतीवरची यंत्रणा वीज रोखत नाही, वाट देते. बेंजामिन फ्रँकलिनच्या काळापासून भाग तेच आहेत : वर टोकदार सळई, तिथून खाली येणारी पट्टी, जमिनीत अर्थिंग. तिला 'वीजवाहक' म्हणा. सरकारी कागदांत आणि बातम्यांत 'वीज अटकाव यंत्रणा' येतं; त्यामुळे सळई बसवली म्हणजे गावावर वीज पडणारच नाही असा समज होतो. संरक्षण त्या इमारतीपुरतं आणि लगतच्या थोड्या भागापुरतंच असतं. उभ्या शिवारात माणूस त्यामुळे सुरक्षित होत नाही.

विजेच्या खांबावर किंवा ट्रान्सफॉर्मरपाशी असतो तो अरेस्टर. लाइनवर त्याला सगळे 'एलए' म्हणतात. ११ केव्ही (किलोव्होल्ट) लाइनवर साधारण ९ केव्हीचा लावतात. आत झिंक ऑक्साइडच्या चकत्या असतात. नेहमीच्या विद्युतदाबाला त्यातून जवळपास काही वाहत नाही. विजेमुळे लाइनवर दाब उसळला की त्या क्षणभर वाहक होतात, उसळी जमिनीत सोडतात आणि पुन्हा बंद होतात. याला 'अरेस्टर'च ठेवा, वापरणारे तोच शब्द वापरतात.

इमारतीवरच्या वीजवाहकाचं बिघडतं कुठे? सळई सगळ्यांना दिसते, अर्थिंग कुणी बघत नाही. पट्टी चोरीला जाते, जोड गंजतो, खड्डा उन्हाळ्यात कोरडा पडतो आणि नेमक्या वळवाच्या विजा तेव्हाच येतात. अर्थिंगचा रोध (प्रवाहाला होणारा अडथळा) १० ओहमपेक्षा कमी असावा आणि पावसाळ्याआधी मोजून घ्यावा. खाली येणाऱ्या पट्ट्या निदान दोन हव्यात आणि त्यांत काटकोनी वळण किंवा फास नको, कारण तीव्र प्रवाह वळण सोडून शेजारच्या लोखंडी गजावर किंवा नळावर उडी मारतो.

अनुवादिका
मूळ मजकुरातल्या 'स्ट्राइक'साठी 'अंगावर वीज पडणे' लिहिलं होतं. आणि 'पडणे' तरी शास्त्रीय आहे का? प्रकाश खालून वर जातो असं वाचलं.

वेधशाळा
'पडणे' ठेवा. ढगातून अंधुक वाट सुमारे ५०-५० मीटरच्या टप्प्यांनी खाली उतरते. जमीन जवळ आली की झाड, खांब, माणूस यांतून वर ठिणग्या निघतात. त्यातली एक जोडली गेली की लख्ख उजेड खालून वर धावतो, प्रकाशाच्या वेगाच्या साधारण तिसऱ्या हिश्श्याने. पण जमिनीवर पडणाऱ्या बहुतेक विजांत ऋण भार ढगातूनच खाली येतो. एका विजेत असे तीन-चार आघात एकाच वाटेने होतात, म्हणून ती थरथरताना दिसते. 'वीज' पूर्ण घटनेला आणि 'आघात' त्यातल्या एकेकाला, एवढा भेद पुरे.

'अंगावर' मात्र काढा. थेट अंगावर पडून दगावणारे अगदी थोडे. बहुतेकांना जमिनीतून पसरलेला प्रवाह किंवा झाडावरून मारलेली उडी गाठते. गुरं जास्त दगावतात तीही यामुळेच : पुढच्या आणि मागच्या पायांत अंतर मोठं, त्यामुळे दोन्हींमधला विद्युतदाबाचा फरक मोठा आणि प्रवाहाची वाट छातीतून. 'अंगावर' लिहिलंत तर झाडाखाली उभा असलेला माणूस स्वतःला आडोशाला समजेल.

अनुवादिका
मग वाक्य असं : 'गडगडाट ऐकू येताच पक्क्या घरात जा. शेवटच्या गडगडाटानंतर ३० मिनिटं बाहेर पडू नका.'

वीजतंत्री
बरोबर. फक्त 'पक्कं घर' उलगडून लिहा, कारण गावात पत्र्याच्या शेडलाही पक्कं म्हणतात. भिंती, छप्पर, आत वायरिंग किंवा नळ असलेली इमारत चालेल. गोठा, खोपी, मचाण, मांडव, चारही बाजूंनी उघडी पत्र्याची शेड चालणार नाही. लोखंडी टपाची, काचा बंद केलेली गाडी चालेल; ट्रॅक्टर आणि दुचाकी नाही.