तात्पुरता बदल आणि एमओसी

काहीजण म्हणतात की कारखान्यातल्या छोट्या, तात्पुरत्या बदलाला एमओसी (मॅनेजमेंट ऑफ चेंज, म्हणजे बदलाआधी धोके तपासून लेखी मंजुरी घेणं) म्हणजे नुसते कागदी घोडे. घोडे नाचतात हे मान्य, पण तात्पुरत्यालाच तर जास्त गरज असते हो! फ्लिक्सबरोचा रासायनिक कारखाना आठवा, इंग्लंड, १९७४. सहापैकी पाच नंबरच्या रिअ‍ॅक्टरला तडा गेला म्हणून तो काढला आणि चार ते सहा असा बायपास टाकला, ओपनिंग २८ इंची आणि पाइप २० इंची, त्यात दोन रिअ‍ॅक्टरच्या उंचीत फरक म्हणून पाइप वाकडा, दोन्ही टोकांना बेलोज (घड्यांचे लवचिक जोड), खाली स्कॅफोल्डिंगचा आधार, आणि ड्रॉइंग काय तर वर्कशॉपच्या जमिनीवर खडूने काढलेलं. दोन महिने चाललंही. १ जूनला तो पाइप सुटला, सायक्लोहेक्झेन या ज्वलनशील द्रवाच्या वाफेचा ढग पेटला, २८ माणसं गेली. शनिवार होता म्हणून ऑफिस रिकामं होतं.

आणि 'जसंच्या तसं बदललं, मग एमओसी कशाला' हे पण जरा जपून. आमच्याकडे एकदा टोल्युइन या सॉल्व्हंटच्या लाइनवर विटॉन रबराची ओ-रिंग (गळती रोखणारी गोल रिंग) संपली म्हणून ईपीडीएम या दुसऱ्या रबराची बसवली, तीच साइज, तोच काळा रंग, कोण बघतंय? काही दिवसांत फुगून पार लिबलिबीत, पंपाखाली डबकं. नशीब वेळेत दिसलं.

फॉर्म छोटा करा की, एक पानाचा करा, माझी ना नाही. पण तात्पुरत्या बदलावर शेवटची तारीख हवीच आणि ती शिफ्ट लॉगमध्ये रोज दिसायला हवी, नाहीतर तात्पुरता लावलेला क्लॅम्प तिथेच रिटायर होतो :)