ॲस्परॅगस फर्न पिवळा पडतोय, काय करू?

गॅलरीवाली:
मंडळी, हिवाळ्यात नर्सरीतून ॲस्परॅगस फर्न आणला, तो लोंबणाऱ्या हिरव्या झिपऱ्यांचा. पुण्यात राहते, पश्चिमेची गॅलरी. तेव्हा दृष्ट लागेल असा होता. आता एप्रिलमध्ये पिवळा पडतोय, हात लावला की सुयांचा सडा. रोज सकाळी तांब्याभर पाणी घालते. फर्नला दमट हवा लागते म्हणतात, मग बाथरूमच्या खिडकीत हलवू का? की कुंडी बदलू?

खुरपं:
बाथरूम राहू द्या. हा फर्न नाहीच, शतावरीच्या कुळातला आहे, मूळचा दक्षिण आफ्रिकेतला. मुळांना पांढरट कंद असतात, त्यांत तो पाणी साठवतो. एखादं पाणी चुकलं तरी तगतो, पण सतत ओल्या मातीत कंद कुजतात. वरची इंचभर माती सुकली की भरपूर घाला आणि ताटलीत साचलेलं ओतून टाका.
कुंडीतून अलगद काढून कंद दाबून बघा. टणक असले तर ठीक. मऊ, काळे, वास मारणारे असतील तेवढे कापून टाका.

विदर्भी_माळी:
मला पश्चिमेच्या उन्हाचा संशय येतोय. दुपारचं ऊन याला सोसत नाही. आम्ही नागपूरकर उन्हाळ्यात हिरव्या नेटशिवाय काही ठेवतच नाही. भरपूर उजेड आणि सकाळचं कोवळं ऊन चालेल. अंधारा कोपरा मात्र नको, तिथेही झडतो.
आणि एका झिपरीखाली पांढरा कागद धरून झटका. बारीक ठिपके चालायला लागले तर कोळी, म्हणजे रस शोषणारी बारीक कीड आहे. कोरड्या हवेत हमखास येतो. पाण्याच्या फवाऱ्याने झाड धुवा, मग नीमतेल.

गॅलरीवाली:
कागदावर काही चाललं नाही. कुंडीतून काढला तर माती दिसेचना, नुसते कंद! टणक आहेत. रस्त्याकडची बाजू जास्त पिवळी आहे. अजून एक, घरात मांजर आहे आणि तिला या झिपऱ्या फार आवडतात.

खुरपं:
मग गणित बदललं. माती उरलीच नाही, त्यामुळे तुमचा तांब्या कडेने निथळून जातोय. झाड तहानलेलं आहे, वर दुपारचं ऊन. आत्ता फक्त एक माप मोठी कुंडी द्या. माती, गांडूळखत, थोडी वाळू, एवढं पुरे. काठाखाली दोन बोटं जागा सोडा, कंद फुगले की माती वर येते. सुरीने कापून दोन झाडं करायची असतील तर पाऊस सुरू झाल्यावर करा.
पूर्ण पिवळ्या झिपऱ्या पुन्हा हिरव्या होत नाहीत, बुडापासून छाटा. हातमोजे घाला, बारीक काटे असतात.

सोसायटीची_बाग:
मांजरापासून लांबच ठेवा. याची लाल फळं पोटात गेली तर उलट्या-जुलाब होतात, आणि रसाने कातडीला खाज येते. कुत्र्यांनाही तेच. छताला टांगलात तरी लोंबत्या टोकाशी मांजर खेळणारच. त्यापेक्षा कुणाला तरी देऊन टाका आणि स्पायडर प्लांट आणा, तो मांजरांना विषारी नाही.

गॅलरीवाली:
देऊन टाकायला जीव होत नाही. आईच्या घरी पूर्वेची गॅलरी आहे, मांजरही नाही. कुंडी बदलून रविवारी तिकडे नेते.

खुरपं:
नेताना पिशवीत आडवा घालू नका, नवे कोंब लगेच मोडतात.