तोरणमाळ ट्रेक: स्पीकर नको

कविताताई ए-३०२: रविवारच्या यादीत नावं भरपूर, आनंद आहे. पण मागच्या वेळचं पुन्हा नको. ज्यांना कळायचं त्यांना कळलं.

पाटील काका बी-१०१: मला नाही कळलं. नाव घ्या.

कविताताई: नाव कशाला. सीताखाईच्या वाटेला सागावर रानपिंगळा बसलेला, पोरंसुद्धा गप्प. आणि एका सद्गृहस्थांनी ब्लूटूथवर त्याचाच आवाज लावला. पाच वेळा! बिचारा समोरच्या फांदीवर येऊन शेपटी इकडून तिकडे झटकत राहिला.

महेश सी-२०३: सद्गृहस्थ मीच. त्यातलाच फोटो तुमच्या डीपीला आहे ताई 🙏

पाटील काका: भरिताची वांगी कोण आणतंय? बामणोदचीच हवीत.

सोनवणे डी-४: घुबड देखाले इतलं दूर कशाले जानं? आपली टाकीवर रोज बठस 😂

चौधरी सर: तो ठिपकेवाला पिंगळा. रानपिंगळ्याच्या डोक्यावर ठिपके जवळजवळ नसतात, आणि तो दिवसाढवळ्या शिकार करतो. १८८४ नंतर बेपत्ता. १९१४ मध्ये मिळाला म्हणून एका इंग्रज कर्नलने दाखवलेला नमुना संग्रहालयातून चोरलेला निघाला. ती चोरी पकडणाऱ्या पामेला रासमुसेन १९९७ च्या नोव्हेंबरात सोबत्यांसह शहाद्याकडे आल्या आणि पक्षी समोर! ११३ वर्षांनी.

पाटील काका: सर, तास संपला. वांगी?

कविताताई: स्पीकर नको.

महेश: पाच सेकंदांच्या आवाजाने काय होतं? गणपतीत ए विंगचा डीजे चालतो.

कविताताई: विषय बदलू नका.

सेक्रेटरी: कृपया शांतता. आणि सी विंगमधल्या तिघांचा मेंटेनन्स बाकी आहे.

महेश: हे आत्ताच आठवलं का?

चौधरी सर: महेशराव, आवाज ऐकून त्याला वाटतं आपल्या हद्दीत दुसरा घुसला. घरटं सोडून भांडायला येतो. ऑक्टोबर ते मे विणीचे दिवस.

सोनवणे: म्हंजे आपली पार्किंगसारखं.

महेश: 😄 बरं सर, स्पीकर घरी. वांगी मी आणतो, तिथेच भाजू.

चौधरी सर: जंगलात चूल नाही. वाळका पाचोळा असतो.

पाटील काका: मग घरून भाजून आणा. काड्यांवर. गॅसवरचं मी खाणार नाही, आधीच सांगतो.

कविताताई: स्पीकर नको.

महेश: ताई, वरचं वाचा की!

कविताताई: वाचलं. मागच्या वेळीही असंच म्हणाला होता.

महेश: हा मेसेज डिलीट केला आहे.

पाटील काका: काय लिहिलं होतं?