बॉक्सिंगमधल्या 'अपसेट'ला मराठीत काय म्हणायचं? (कानेलो-बिव्होल लढतीवरून)

बॉक्सिंगवेडा

७ मे २०२२ ला लास व्हेगासमध्ये दिमित्री बिव्होलने कानेलो आल्वारेझला हरवलं. आमच्या ग्रुपवर त्या लढतीचा विषय परवा पुन्हा निघाला आणि वाद बघता बघता शब्दांवर गेला. एकाने लिहिलं होतं, "वजन वाढवून उतरलेल्या जगज्जेत्या कानेलोला बिव्होलने धूळ चारली, किताब हिसकावला, मोठा उलटफेर!" वाक्य जोरदार आहे, पण ज्याने लढत पाहिली त्याला यातला जवळजवळ प्रत्येक शब्द खटकतो.

ज्यांनी पाहिली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. कानेलोकडे तेव्हा १६८ पौंडांच्या (सुमारे ७६ किलो) गटातले चारही प्रमुख संघटनांचे पट्टे (म्हणजे किताब) होते. तिथून तो १७५ पौंडांच्या (सुमारे ७९ किलो) गटात आला. त्या गटातला डब्ल्यूबीएचा (त्या चार संघटनांपैकी एक) पट्टा बिव्होलकडे होता. पूर्ण १२ राऊंड झाले आणि तिन्ही पंचांनी ११५-११३ असा बिव्होलच्या बाजूने कौल दिला. त्याआधी कानेलो फक्त एकदा हरला होता, २०१३ मध्ये फ्लॉइड मेवेदरकडून. सट्टेबाजारात पारडं कानेलोचंच जड होतं.

तर 'अपसेट'ला, म्हणजे ज्याचं पारडं जड त्यानेच हरण्याला, नेमका शब्द कोणता? आणि असं वरच्या गटात जाण्याला काय म्हणाल?

तालीमकर

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आखाड्यात तयार आहे. 'वरच्या वजनात खेळणे' किंवा 'वरच्या वजनात उतरणे'. आमच्याकडची पोरं असंच बोलतात, "यंदा याच वजनात का वरच्या?" पैलवान राहुल आवारेने २०१८ च्या राष्ट्रकुल स्पर्धेत ५७ किलोत सुवर्ण घेतलं आणि २०१९ च्या जागतिक स्पर्धेत ६१ किलोत कांस्य. तेव्हा राहुलने वजन वाढवलं असं तालमीत कुणी म्हणालं नाही, तो ६१ ला खेळला असंच म्हणाले. 'वजन वाढवलं' म्हटलं की माणूस सुटला असं वाटतं. लिहिताना 'वजनगट' म्हणा, बोलताना नुसतं 'वजन' पुरतं. गटात बसण्यासाठी पाणी तोडून, घाम काढून खाली येतात ते 'वजन उतरवणे'. काट्यावर उभं राहण्याचा कार्यक्रम म्हणजे 'वजनं'. "वजनं झाली का?" एवढं विचारलं तरी पैलवानाला सगळं कळतं.

आता 'धूळ चारली'. हा मातीतला वाक्प्रचार आहे. पैलवान पडला, तोंडात माती गेली, तेव्हा धूळ चारली. 'अस्मान दाखवलं' म्हणजे पाठ टेकवली, नजर आभाळाकडे गेली. त्या रात्री दोघांपैकी कुणी एकदाही खाली गेलं नाही. मग धूळ कुणी कुणाला चारली? नॉकआऊट झाला तर 'लोळवलं' खुशाल लिहा, तिथे ते शोभतं. इथे नाही.

शब्दसखी

तालीमकर दादा, थोडं वेगळं मत मांडते. 'धूळ चारणे' आता क्रिकेटच्या बातमीतही येतं, तिथे कोण कुठे पडतं? वाक्प्रचार आपल्या जागेवरून निघून बराच लांब आलाय. पण जिथे माणूस खरोखर पडू शकतो अशा खेळात त्याचा मूळ अर्थ जागा होतो आणि वाचणारा नॉकआऊट समजतो. म्हणून बॉक्सिंगपुरतं तुमचं म्हणणं मान्य.

'अपसेट'बद्दल. आपल्या रोजच्या बोलण्यात हा शब्द पोटाला किंवा मनाला लागतो. "कानेलो अपसेट झाला" असं लिहिलं तर तो नाराज झाला एवढंच कळेल. 'उलटफेर' हिंदीतून आलाय, वाहिन्यांवर सर्रास ऐकू येतो, पण मला तो अजून उपराच वाटतो. आपल्या क्रीडा पानांवर पूर्वीपासून 'सनसनाटी विजय', 'खळबळजनक निकाल', 'धक्कादायक पराभव', 'मानांकिताला धक्का' हे शब्द आहेत आणि चांगले आहेत.

फक्त त्यांत एक फरक आहे. 'सनसनाटी' आपण जिंकणाऱ्याला लावतो, 'धक्कादायक' हरणाऱ्याला. "बिव्होलचा सनसनाटी विजय" लिहिलं तर गोष्ट बिव्होलची होते. "कानेलोचा धक्कादायक पराभव" लिहिलं तर तीच रात्र कानेलोची होते आणि बिव्होल कोपऱ्यात जातो. इंग्रजी शब्द दोघांनाही झाकतो, आपल्याला बाजू घ्यावी लागते. मला हे उणं वाटत नाही. बाजू घ्यायची नसेल तर 'अनपेक्षित निकाल' आहेच, जरा कोरडा आहे इतकंच.

रात्रपाळी

मला शब्दाआधी गोष्टच पटत नाही. याला अपसेट का म्हणायचं?

त्या रात्री रिंगमध्ये गतविजेता बिव्होल होता. आधीच्या १९ लढतींत अपराजित, उंचीला कानेलोपेक्षा सुमारे चार इंच जास्त आणि कारकीर्द याच वजनात घडलेली. कानेलो तिथे 'आव्हानवीर' होता. बुद्धिबळामुळे हा शब्द आपल्या सगळ्यांच्या ओळखीचा आहे, मग बॉक्सिंगच्या बातमीत तो का हरवतो? 'किताब हिसकावला' तर सरळ चूक. बिव्होलने किताब राखला. आणि कानेलोनेही काही गमावलं नाही, १६८ चे चारही पट्टे दुसऱ्या दिवशी त्याच्याकडेच होते.

खरा अपसेट पाहायचा तर फेब्रुवारी १९९० मधलं टोकियो घ्या. बस्टर डग्लसने माइक टायसनला दहाव्या राऊंडला नॉकआऊट केलं. दोघे हेवीवेट (सर्वात वरचं वजन), टायसन तोवर अपराजित, आणि त्याचे सगळे पट्टे तिथेच गेले. त्या निकालाला सनसनाटी, खळबळजनक, काय हवं ते म्हणा. मोठ्या माणसाने आपल्याच वजनात लहान माणसाला हरवलं, यात खळबळ कसली? ती फक्त नावाची होती. मेरी कोम २०१२ च्या लंडन ऑलिम्पिकसाठी ५१ किलोत उतरली, कारण महिलांसाठी सर्वात खालचं वजन तेच होतं. तिची जागतिक विजेतेपदं ४५, ४६ आणि ४८ किलोतली. उपांत्य लढतीत ती निकोला ॲडम्सकडून हरली, तेव्हा आपण त्याला धक्का म्हटलं नाही. तिच्या कांस्यपदकाचं कौतुक केलं, कारण वजनातला फरक सगळ्यांना दिसत होता.

बॉक्सिंगवेडा

रात्रपाळी, 'आव्हानवीर' शंभर टक्के मान्य. पण निकाल अनपेक्षित होता की नाही हे लढतीआधीच्या अपेक्षेवरून ठरतं, नंतरच्या शहाणपणावरून नाही. आणि ती अपेक्षा नुसत्या नावावर उभी नव्हती. नोव्हेंबर २०१९ मध्ये कानेलोने याच १७५ च्या वजनात सर्गेई कोव्हालेव्हला अकराव्या राऊंडला नॉकआऊट केलं होतं. कोव्हालेव्ह तेव्हा ३६ वर्षांचा होता आणि नुकताच ऑगस्टमध्ये एक लढत खेळून आला होता, हे लोक सोयीने विसरले. वरचं वजन कानेलोला झेपतं असा समज तिथून पक्का झाला.

बिव्होलने तो समज कसा मोडला ते पाहण्यासारखं आहे. तो डावा हात सतत पुढे टाकत राहिला. कानेलो एकेक जड ठोसा शोधत होता आणि त्यातले बरेच बिव्होलच्या दंडावरच बसत होते. त्याचा डावा दंड शेवटी लालबुंद झाला होता, पण त्या दंडामागचं डोकं आणि बरगड्या शाबूत राहिल्या. मग कानेलो दोरांना टेकून हात वर करून उभा राहायचा आणि बिव्होल चार-पाच ठोशांची सरबत्ती करून निघून जायचा. आकडे सांगतात, बिव्होलचे १५२ ठोसे लागले, कानेलोचे ८४. खालच्या वजनात कानेलोचे ठोसे हातांवर बसले तरी समोरचा आखडायचा. इथे समोरचा माणूस ते हातावर घेऊन वर उलट मारत होता. वरचं वजन ते हेच.

तालीमकर

हे कुस्तीतही असंच आहे. खालच्या वजनात जो डाव सहज बसतो, तो वरच्या वजनात लावताना गडी हलतच नाही. डाव तोच, ताकद तीच, समोरचं अंग वेगळं.

शब्दसखी

निकालाच्या शब्दाबद्दल एक राहिलं. तिन्ही पंचांनी बिव्होलला विजयी ठरवलं म्हणून काही ठिकाणी 'एकतर्फी निकाल' असं वाचलं. ते बरोबर नाही. कौल 'एकमताने' होता, 'एकतर्फी' नव्हता. राऊंड जिंकणाऱ्याला १० आणि हरणाऱ्याला ९ गुण, म्हणून ११५-११३ म्हणजे १२ पैकी सात राऊंड एकाला आणि पाच दुसऱ्याला. एक राऊंड जरी इकडचा तिकडे झाला असता तरी लढत बरोबरीत सुटली असती. 'एकमत' पंचांबद्दल सांगतं, 'एकतर्फी' लढतीबद्दल.

रात्रपाळी

ताई, पण लढत पाहणाऱ्या अनेकांना ती एकतर्फीच्या जवळ वाटली होती! पहिले चार राऊंड तिन्ही पंचांनी कानेलोला दिले होते. म्हणजे उरलेल्या आठांत त्यांच्या मते त्याला एकच मिळाला. त्या चारांतला एखादा तरी बिव्होलचा होता असं माझं ठाम मत आहे. त्यामुळे "एकमताने, निसटता कौल, लढत मात्र बिव्होलच्या हातात" असं लिहिलं तर कुणावर अन्याय होणार नाही.

आणि कृपा करून 'राऊंड'ला 'फेरी' लिहू नका. "कानेलो पाचव्या फेरीपासून मागे पडला" वाचून माझ्या ओळखीच्या एका टेनिसप्रेमीने विचारलं, आधीच्या चार फेऱ्यांत तो कुणाकुणाला हरवून आला? स्पर्धेची 'फेरी' आणि तीन मिनिटांचा 'राऊंड', दोन्ही शब्द मराठीत रुळलेले आहेत, वेगळेच राहू द्या.

बॉक्सिंगवेडा

मग ग्रुपवर हे टाकतो: "वरच्या वजनात उतरलेल्या आव्हानवीर कानेलोवर बिव्होलची १२ राऊंडनंतर एकमताने मात, किताब राखला." 'सनसनाटी' ठेवू की काढू?

शब्दसखी

ठेवा. 'बिव्होलची'च्या पुढे.

रात्रपाळी

काढा.